हळूभाऊंची थरथर

हळूभाऊंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते आमच्या पाण्याच्या टाकीमागे लपून बसले होते.

सकाळची वेळ होती. मी मागच्या दारी उभा राहून दात घासत होतो, आणि अचानक टाकीमागून एक आकृती अर्धी वर आली. डोक्यावर नारिंगी टोप, तोंडावर जाळी, कानांवर दोन वाट्या पालथ्या घातल्यासारखं काहीतरी, हातात जाड मोजे आणि कमरेखाली गादी उसवून शिवल्यासारखी विजार. परग्रहावरची माणसं कधीतरी पृथ्वीवर चाल करून येणार, हे मी वाचलं होतं. पण ती सुरुवात आमच्या न्हाणीघराच्या बाजूने करतील असं वाटलं नव्हतं. मी जीव खाऊन ओरडलो. तोंडात फेस असल्यामुळे त्या ओरडण्याचा एक मोठा बुडबुडा झाला आणि फुटला. मग ती आकृतीही ओरडली. तिच्या तोंडात फेस नव्हता, त्यामुळे ते आख्ख्या गल्लीने ऐकलं.

"आत काय चालू झालंय हो?" जाळीमागून विचारणा झाली.

"कुठे?"

"तुमच्या घरात. मघापासून घर्रघर्र आवाज येतोय."

"मिक्सर आहे तो. बायकोने लावलाय."

"मग झाकणावर हात धरलाय ना त्यांनी? नाही, एकदा उडालं की डोळाच जातो माणसाचा."

हे ज्याने विचारलं त्याच्या पायाशी पेट्रोलवर चालणारी एक भलीमोठी करवत पडली होती. ती सुरू झाली की दोन गल्ल्यांतली तान्ही मुलं जागी होत, आणि तिच्या साखळीचे दात भरल्या झाडाचं खोड पापड मोडावा तसं मोडत. हे आमच्या गावचे झाडं कापणारे. टाकीवर आलेली एक फांदी उतरवायला मीच त्यांना बोलावलं होतं.

खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. प्रत्येक वाक्याच्या आधी, मध्ये आणि शेवटी ते 'हळू' म्हणत, म्हणून हळूभाऊ. दूधवाल्याला म्हणत, डॉक्टरांना म्हणत, आपण होऊन पडणाऱ्या पानालाही म्हणत. भिण्याच्या बाबतीत त्यांच्याकडे आपपरभाव नव्हता. कुकरची शिट्टी, फुगे, फिरतं दार, झोपलेलं मांजर, सगळ्यांना सारखाच मान. न्हाव्याच्या वस्तऱ्याला घाबरत म्हणून त्यांची दाढी घरीच, बायकोकडून, कात्रीने होई. ती कधीच एका पातळीत नसे.

बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्यांच्या बरोबर कामावर असत. दोर धरायचा, माणसं लांब उभी करायची आणि नवऱ्याची यथेच्छ टिंगल करायची, ही त्यांची कामं. त्यांना कशाचीच भीती वाटत नसे. निसर्गाने एका घराला जेवढी भीती वाटून दिली होती तेवढी सगळी नवऱ्याने एकट्याने घेतली, असं त्या सांगत.

"लग्नात हार घालताना यांचा हात असा हलत होता, भाऊजी," त्या मला म्हणाल्या होत्या, "की हार माझ्या मागे उभ्या असलेल्या मावशीच्या गळ्यात पडायचा राहिला."

"हळू बोल गं," हळूभाऊ म्हणाले होते.

आता त्या थरथरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे.

मशीन सुरू करायच्या आधी हळूभाऊ मोजा काढून उजवा हात वहिनींसमोर धरत, पंजा पालथा, बोटं पसरलेली. वहिनी वाकून बघत. बोटं थरथरताना दिसली की म्हणत, "आहे." मगच मशीनला हात लागे. एखाद्या दिवशी थरथर नसली तर वहिनी म्हणत, "नाही." मग दोघं मुकाट्याने सामान गाडीत भरून घरी जात. गिऱ्हाईक चिडो, ओरडो, नाहीतर रडो. ताप बघून मुलाला शाळेत पाठवायचं की नाही ते ठरवतात ना, तसंच.

"उलटं नाही का हे?" मी एकदा विचारलं. "हात स्थिर असताना काम करावं माणसाने."

हळूभाऊंनी चहाचा कप उचलला. मग म्हणाले, "दादा, मला ज्यांनी शिकवलं ते उस्ताद माझ्यापेक्षा भित्रे होते. पार पालीला भ्यायचे. पण मशीनवर असा माणूस होणे नाही. मग वर्षं गेली आणि एक दिवस त्यांची भीती गेली. कुठे गेली, कशी गेली, त्यांनाही कळलं नाही. मशीनच्या पुढच्या मुठीसमोर ढाल असते बघा, ती पुढे ढकलली गेली की साखळी जागच्या जागी थांबते. ती सारखी मध्ये येते म्हणून त्यांनी ती तारेने बांधून टाकली."

"मग?"

"आता डाव्या हाताने जेवतात," हळूभाऊ म्हणाले आणि कप खाली ठेवला. बशीवर तो बराच वेळ वाजत राहिला.

म्हणून हळूभाऊंचे नियम होते, आणि ते मोठ्याने म्हणायची त्यांना सवय होती. शेजारीपाजारी कुणीतरी जपाला बसलंय असं वाटे. पेट्रोल भरायचं तर मशीन थंड होऊ द्यायचं. जिथे भरलं तिथे सुरू करायचं नाही, लांब जायचं. सुरू करताना मशीन जमिनीवर, पाय मागच्या मुठीत, ढाल पुढे. साखळी ज्या लांब पट्टीभोवती धावते तिला चिकटून हवी, खाली लोंबली तर आधी आवळायची. दोन्ही हात मुठीवर, अंगठे वळवून खाली. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. शिडीवर, स्टुलावर, कशावरही चढून चालवायचं नाही. झाड कुठे पडेल ते बघायच्या आधी आपण कुठे पळायचं ते बघायचं. आणि सगळ्यात मोठा नियम पट्टीच्या नाकाचा. तिच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागू द्यायचा नाही. लागला की मशीन उसळी मारतं, आणि ती उसळी थेट माणसाच्या तोंडाकडे येते. डोळ्याची पापणी लवायच्या आत.

कानांवर वाट्या असल्यामुळे काम करताना त्यांना काही ऐकू येत नसे. म्हणून वहिनी पिवळा जर्द सदरा घालून, लांब पण नजरेच्या टप्प्यात, उभ्या राहत. हात वर केला की थांबायचं. आणि पिवळा सदरा दिसेनासा झाला की कारण न शोधता मशीन बंद.

"संसारात उलटं असतं," मी म्हणालो होतो. "बायको दिसली की मशीन बंद होतं."

"यांचं दोन्हीकडे बंदच असतं," वहिनी म्हणाल्या.

तर अशी ही जोडी. मी त्यांच्यावर हसायचो, गल्ली हसायची. पण झाड कापायचं म्हटलं की सगळे त्यांनाच बोलवायचे, कारण त्यांच्या हातून कधी कुणाचं कौलसुद्धा फुटलं नव्हतं.

मग एका रात्री वादळ आलं. सकाळी उठून बघतो तो गाव उताणं पडल्यासारखं दिसत होतं. रस्तोरस्ती झाडं आडवी. आमच्या मागचं जुनं झाड मुळासकट अर्धं उचललं जाऊन घराच्या छपरावर रेललं होतं. वाऱ्याने ते खाली पाडलं नव्हतं आणि उभंही ठेवलं नव्हतं. खालच्या फांद्या त्याच्या वजनाखाली धनुष्यासारख्या वाकल्या होत्या, आणि मध्येच कुठेतरी कट् असा आवाज येई. त्या आवाजाला आम्ही नवराबायको जेवता जेवता घास तोंडात धरून थांबायचो.

हळूभाऊंना आमच्यापर्यंत यायला वेळ लागला. आधी रस्ते मोकळे करायचे होते. दवाखान्याच्या फाटकात पडलेलं खोड त्यांनी कापलं तेव्हा आत अडकलेली रुग्णवाहिका बाहेर निघाली आणि जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वाघ आहे वाघ!" दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली छापलं होतं: निधड्या छातीचा माणूस. हिने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही खूप हसलो. हळूभाऊंनी ते कात्रण टोपाच्या आत ठेवलंय, हे वहिनींनी नंतर सांगितलं. आणि दिवसचे दिवस नीट झोप नाही, हेही.

ते आमच्याकडे आले ते दार धाडकन ढकलून. मला तिथेच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. हा माणूस दार उघडायच्या आधी पलीकडे कुणी नाही ना, म्हणून खोकायचा.

"काय वहिनी," ते माझ्या बायकोला म्हणाले, "मिक्सर नाही लावला आज? लावा की!"

आणि हसले. मोठ्याने. एवढ्या वर्षांत मी त्यांचे सगळे दात कधी पाहिले नव्हते.

वहिनी मागून येत होत्या. त्या हसत नव्हत्या.

"हात बघू," त्या म्हणाल्या.

"अगं, आता कसला हात. गावभर कापून आलो की."

"हात बघू म्हणते ना."

त्यांनी मोजा काढून हात पुढे केला. मी वाकलो, हीसुद्धा वाकली. बोटं नुसती स्थिर नव्हती, दगडात कोरल्यासारखी होती.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "चला घरी."

"घरी काय घरी? झाड बघ कसं रेललंय. यांच्या डोक्यावर पडलं म्हणजे?"

"आम्ही राहू बहिणीकडे," ही घाईने म्हणाली. "काही घाई नाही हो, भाऊजी."

"रोज उद्या उद्या केलं असतं तर ती रुग्णवाहिका अजून आतच असती," हळूभाऊ म्हणाले. "आयुष्यभर भ्यायलो, काय मिळालं? हळूभाऊ! एकदा नाही भ्यायलो तर लोकांनी वाघ म्हटलं. थरथर गेली कारण मला आता येतंय सगळं. एवढं साधं आहे."

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. ज्या बाईला कशाचीच भीती वाटत नाही ती घाबरलेली बघणं फार वाईट असतं. आपण कुणाकडे बघायचं ते कळत नाही.

मग मी एकेक नियम मोडला जाताना बघितला. मला ते सगळे पाठ होते, म्हणून जास्त भीती वाटली. पेट्रोल त्यांनी मशीन गरम असतानाच भरलं. झाकणाजवळून वाफ निघाली. आणि जिथे भरलं तिथेच सुरू केलं, तेही जमिनीवर न ठेवता. हातात लटकवून दोरीला हिसका दिला. साखळी पट्टीखाली लोंबत होती, सैल पडलेल्या करगोट्यासारखी. मी बोट दाखवलं. कानांवर वाट्या होत्या. त्यांनी मलाच अंगठा दाखवला, छान चाललंय म्हणून.

वहिनींनी हात वर केला. हळूभाऊंनी पाहिलं आणि मान फिरवली.

खालच्या काही फांद्या निघाल्या. झाड किंचित खाली बसलं, कट् झालं, थांबलं. मग त्यांनी मशीन मंद केलं, एका कानावरची वाटी सरकवली आणि मला विचारलं,

"दादा, स्टूल आहे का?"

मी आयुष्यात भुताच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या आहेत. पण 'स्टूल आहे का' यापेक्षा भयंकर वाक्य ऐकलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो.

"ते काय, न्हाणीघरापाशी," ते म्हणाले, आणि स्वतः जाऊन घेऊन आले. आमचं ते स्टूल एका पायात लंगडं. त्यावर उभं राहून आम्ही बल्बसुद्धा बदलत नाही.

तेव्हा वहिनींनी शेवटचा उपाय केला. त्या सरळ चालत गेल्या आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभ्या राहिल्या. पिवळा सदरा दिसेनासा झाला. आता मशीन बंद व्हायलाच हवं होतं. एवढ्या वर्षांत तो नियम एकदाही मोडला नव्हता.

मी त्यांच्यामागे गेलो. त्या टाकीला पाठ टेकवून, डोळे मिटून उभ्या होत्या आणि ओठांनी नुसतं म्हणत होत्या, "बंद होईल. आता बंद होईल. बघा तुम्ही."

मशीन बंद झालं नाही. उलट आवाज चढला. तो वरून येऊ लागला, म्हणजे हळूभाऊ स्टुलावर चढले होते. लाकडात शिरलं की त्याचा सूर जड होई, बाहेर आलं की मोकळा. जड, मोकळा, जड. वहिनींचा हात माझ्या मनगटाभोवती होता. त्यांची नखं रुतत होती आणि आम्हा दोघांनाही त्याची शुद्ध नव्हती. माझ्या मनात उगाच तो चहाचा कप येत होता, बशीवर वाजत राहिलेला.

आणि मग सूर बदलला. एक खट्, त्याच्या मागोमाग काहीतरी कोसळल्याचा आवाज, आणि एकदम शांत.

कुठे पान हललं नाही. घरातून ही ओरडली नाही.

"भाऊजी," वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या, "तुम्ही बघा हो. मला नाही बघवणार."

मलाही बघवणार नव्हतं. पण दोघांनी टाकीमागे उभं राहून म्हातारं होणं शक्य नव्हतं. मी डोकं बाहेर काढलं.

स्टूल उलटं पडलं होतं. हळूभाऊ जमिनीवर पाय पसरून बसले होते. मशीन बाजूला, ढाल पुढे पडलेली, साखळी थांबलेली. त्यांच्या तोंडावरच्या जाळीला डोळ्यांच्या मध्यापासून हनुवटीपर्यंत एक लांब चीर होती. पानांच्या मागे दुसरी फांदी होती. पट्टीचं नाक तिला लागलं आणि मशीन उसळून तोंडावर आलं. उसळताना त्यांचं डावं मनगट ढालीवर आपटलं, ढाल पुढे गेली आणि साखळी जाळी फाडता फाडता थांबली. उस्तादांसारखी त्यांनी ती तारेने बांधली नव्हती. भीती गेली तरी तेवढं करायचं त्यांना सुचलं नव्हतं, एवढंच.

"जिवंत आहेत," मी म्हणालो.

"रक्त?"

"दिसत नाही."

वहिनी टाकीमागूनच ओरडल्या, "अहो! बोटं मोजा!"

हळूभाऊंनी मोजे काढले. दोन्ही हात समोर धरले.

"मोजली का?"

"मोजतोय."

"किती आहेत?"

"हलतायत गं," हळूभाऊ रडवेले होऊन म्हणाले, "मोजताच येईनात!"

तेव्हा कुठे वहिनी बाहेर आल्या. त्यांनी जाऊन आधी ते मशीन उचलून गाडीत टाकलं, मग नवऱ्याच्या टोपातून पेपरचं कात्रण काढलं आणि त्याने त्यांचं नाक पुसलं. मग समोर बसून दोन्ही हात धरले आणि इतकी नावं ठेवली, इतकी ठेवली, की गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. भेकड, वाघ, गाढव, सगळे प्राणी झाले. हळूभाऊ प्रत्येकाला "हो" म्हणत होते. ही आतून साखर घातलेलं पाणी घेऊन आली. तिने ते हळूभाऊंना द्यायचं ठरवलं होतं. वाटेत स्वतःच पिऊन टाकलं.

आमचं झाड त्यांनीच उतरवलं, पण चांगली झोप काढून आल्यावर. हात पुढे केला तेव्हा नुसती बोटं नाही, कोपरापर्यंत सगळं थरथरत होतं. "आहे," वहिनी म्हणाल्या, "भरपूर आहे." साखळी आवळली, लांब जाऊन मशीन जमिनीवर ठेवून सुरू केलं, आणि फांदी कुठल्या बाजूला ताणलीय ते बघत बघत, तोंडाने हळू हळू म्हणत, झाड असं उतरवलं की छपराला ओरखडा नाही. मी पूर्ण वेळ टाकीमागे होतो.

पुढे ती थरथर मात्र गेलीच नाही. काम नसतानाही हात हलू लागला. गुंडी लागेना, चहा सांडू लागला. वहिनी आधी खूश होत्या, मग त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, हा नसांचा विकार आहे, वयानुसार होतो, भीतीशी याचा काही संबंध नाही. त्यांनी रोज जेवणानंतर घ्यायची एक गोळी दिली.

गोळी लागू पडली. हात आता अजिबात थरथरत नाही. म्हणून मशीन विकून टाकलं.